सिझरच्या टाक्यांतली गाठ: गोळ्या की ऑपरेशन?

सिझरच्या टाक्यांच्या कडेला गाठ, पाळी आली की ठणकणार, पाळी संपली की शांत. अनेकदा हर्निया समजतात. असतात गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी, व्रणात रुजलेल्या.

डायनोजेस्ट या हार्मोनच्या औषधाची रोजची २ मिलिग्रॅमची गोळी दुखणं कमी करते, पण गाठ सहसा जात नाही आणि गोळी बंद केली की ठणका परततो. पाळी नसताना मधेच रक्त जाणं, हा ताप वेगळाच. दुसरं मूल हवं असेल तर ही गोळी चालत नाही.

ऑपरेशनमध्ये गाठ भोवतालच्या साधारण १ सेंटिमीटर निरोगी भागासकट काढतात. स्नायूंवरच्या आवरणाला मोठं भोक पडलं तर जाळी बसवावी लागते. गाठ पुन्हा होण्याची शक्यता मात्र कमी. माझा कौल ऑपरेशनला. पाळी जायलाच आली असेल तर गोळ्यांवर निभावतं. काढलेली गाठ तपासणीला पाठवली का, तेवढं विचाराच.