टेट्रिस संगणकाकडून खेळवायचा आहे: जेनेटिक अल्गोरिदम की क्यू-लर्निंग?

जेनेटिक अल्गोरिदम म्हणजे उत्क्रांतीची नक्कल: बरीच उत्तरं आजमावायची आणि सरस उत्तरांतून पुढची पिढी घडवायची. क्यू-लर्निंग म्हणजे कोणत्या स्थितीत कोणती चाल किती फायद्याची, हे खेळत-खेळत शिकणं. आधी गेम पाहा, मग पद्धत निवडा. फुलीगोळ्याला या दोन्हींची गरज नाही. मिनिमॅक्स (दोन्ही खेळाडूंच्या पुढच्या चाली धरून खेळी निवडणारी पद्धत) सगळ्या शक्यता तपासून क्षणात अचूक खेळी देतो. तिथे पिढ्या वाढवत बसणं ही निव्वळ हौस.

टेट्रिसला मात्र जेनेटिक अल्गोरिदम फार चांगला बसतो. पट 10 बाय 20 चा, आणि एक तुकडा फिरवून-सरकवून टाकायचे जास्तीत जास्त 34 पर्याय. प्रत्येक पर्यायानंतर पट कसा दिसेल ते चार गोष्टींवरून जोखायचं: रकान्यांची एकूण उंची, खाली दबलेली भोकं, वरचा उंचसखलपणा आणि साफ झालेल्या ओळी. यातल्या कशाला किती वजन द्यायचं, एवढंच शोधायचं. म्हणजे फक्त चार आकडे! अशा चार आकड्यांचे शंभरेक संच घ्या, खेळवा, सरस ठरलेल्यांची सरमिसळ (क्रॉसओव्हर) करा, किंचित म्युटेशन करा, म्हणजे आकडे सहज थोडे बदला, की पुढची पिढी तयार. लॅपटॉपवर आरामात होतं.

गोची फिटनेस, म्हणजे कोणता संच किती चांगला खेळतो ते, मोजताना होते. तुकडे कोणते येतील हे नशिबावर, त्यामुळे एकाच डावावर निकाल लावला तर सुमार संचही पुढे सरकतो. प्रत्येकाला बरेच डाव द्या आणि दर पिढीला तुकड्यांचा क्रम बदला; नाहीतर संच त्याच क्रमापुरते तयार होतात. शिवाय चांगल्या संचाचा डाव संपतच नाही, तेव्हा एका डावातल्या तुकड्यांवर मर्यादा घाला.

क्यू-लर्निंग डाव संपायची वाट पाहत नाही, चालीगणिक शिकतं. लहान चक्रव्यूहात ते मला जास्त आवडतं. पण त्याला प्रत्येक स्थितीची नोंद कोष्टकात ठेवावी लागते, आणि टेट्रिसच्या 200 भरल्या-रिकाम्या चौकोनांच्या सगळ्या स्थितींचं कोष्टक मांडणं अशक्य. मग कोष्टकाऐवजी अंदाज बांधणारं न्यूरल नेटवर्क (असंख्य वजनं जुळवत शिकणारं गणिती जाळं) आलं आणि त्यासोबत डोकेदुखीही. गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने 2015 मध्ये याच मार्गाने 49 अटारी गेम (जुने व्हिडिओ गेम) शिकवले, पण दर गेमला 5 कोटी फ्रेम लागल्या.

पण म्हणून मोठ्या नेटवर्कवर जेनेटिक अल्गोरिदम हरतोच असं नाही. उबरच्या संशोधकांनी 2017 मध्ये 40 लाखांहून जास्त वजनांचं नेटवर्क असंच उत्क्रांत केलं आणि काही अटारी गेममध्ये ते डीपमाइंडच्या पद्धतीपेक्षा सरस ठरलं. गंमत म्हणजे त्यांनी क्रॉसओव्हर वापरलाच नव्हता, नुसतं म्युटेशन. तेव्हा टेट्रिससाठीही आधी म्युटेशनच लिहा. सरमिसळीचा कोड नंतर जोडता येईल.