हिरवा चोख, लाल गळका: पेशी रंगवायच्या किटचा अनुभव

आमच्या पाषाणच्या लॅबमध्ये टी पेशी आणि डेंड्रिटिक पेशी (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी) एकत्र वाढवतो. कोण कोणाला चिकटलं हे फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिचा रंग मोजणाऱ्या मशीनवर) बघायला दोन रंगांचा किट मागवला: टी पेशींना हिरवा सीएफएसई (हे रंगाचं नाव) आणि डेंड्रिटिक पेशींना पेशीच्या पडद्यात बसणारा लाल. कंपनीचं नाव घेत नाही. असे किट बरेच जण विकतात. पॅकिंग ठीक, बर्फाच्या पिशव्या गार होत्या.

हिरव्याला पैकीच्या पैकी. तो पेशीत शिरेपर्यंत चमकतच नाही. आतली एस्टरेझ एन्झाइम्स त्याचे अॅसिटेट गट तोडतात तेव्हा उजळतो आणि प्रथिनांच्या अमाइन गटांना पक्का जोडला जातो. शिवाय दर विभाजनाला उजेड निम्मा होतो, त्यामुळे भेटीनंतर टी पेशी वाढल्या का हेही कळतं, सात-आठ पिढ्यांपर्यंत. पथ्य मात्र कडक. पाण्याशी त्याचं वाकडं. पुण्याच्या जुलैत फ्रीझरमधली व्हायल लगेच उघडलीत तर आत दव धरतं आणि पैसे गेले. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग कोरड्या डीएमएसओत (पाणी नसलेल्या द्रावकात) विरघळवा. रंगवताना बफरमध्ये ट्रिस (बफरमधलं एक नेहमीचं रसायन) किंवा सीरम नको, ते पेशींआधी स्वतःच रंग खातात. रंगवणं थांबवायला मात्र सीरमच.

लालने डोकं उठवलं. रात्रभर ठेवलेल्या ट्यूबमध्ये टी पेशीही लाल! सर खूश, प्रेझेंटेशनची स्लाइड बनवायला निघाले. मी ईडीटीए (पेशींची पकड सोडवणारं रसायन) घालून जोड्या सोडवल्या, तरी सुट्या टी पेशी लालच. आता टी पेशीने शेजारणीच्या पडद्याचा लचका तोडला (ट्रोगोसायटोसिस, हे खरंच होतं), की रंग नुसता पाझरला? लाल पेशींच्या वरचं मीडियम सेंट्रिफ्यूज करून ताज्या टी पेशींवर घातलं. कोणाला न भेटताच त्याही लाल. स्लाइड राहिली. डब्यावर 'पेशींमधल्या संवादासाठी' असं ठळक छापलंय, पण या साध्या कंट्रोलबद्दल (खात्रीसाठीच्या तुलनेच्या चाचणीबद्दल) माहितीपत्रकात एक ओळ नाही.

स्पर्शाचीच नोंद हवी असेल तर रॉकफेलर विद्यापीठातून 2018 मध्ये आलेली 'लिपस्टिक' पद्धत बघा (हो, नाव असंच आहे). एका पेशीवरचं सॉर्टेज एन्झाइम तिला भिडलेल्या पेशीवर बायोटिनवालं पेप्टाइड जोडतं. पण त्यासाठी पेशींत जनुकीय बदल करावे लागतात, ते डब्यातून येत नाही.

हा किट पुन्हा घेणार नाही. सीएफएसई सुटा मिळतो, तोच घ्या, आणि दुसऱ्या पेशीला तसाच अमाइनला जोडला जाणारा जांभळा. ऑर्डरआधी आपल्या मशीनला जांभळ्यासाठी लागणारा 405 नॅनोमीटरचा लेझर आहे का तेवढं विचारून घ्या.