फूट स्पा मशीन: बुडबुडे राहू द्या, पाणी गरम राहतं का ते बघा

नव्याची नवलाई संपल्यावर लिहितेय, कारण पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच हे गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं मशीन भारी वाटतं. ५ पैकी साडेतीन स्टार. घ्यायला हरकत नाही, फक्त बॉक्सवर मोठ्या अक्षरात जे छापलेलं असतं त्याच्यासाठी घेऊ नका.

बॉक्सवर काय तर बुडबुडे, व्हायब्रेशन, लाल लाइट आणि मसाज रोलर. लाल लाइट म्हणजे लाल दिवा, बाकी पायाला काहीही कळत नाही. व्हायब्रेशनने गुदगुल्या होतात आणि आवाज एवढा की शेजारी लावलेलं गाणं ऐकू येईना, ते बटण मी आता दाबतच नाही. रोलर आपोआप फिरतात असं वाटलं असेल तर नाही, (माझ्या मॉडेलमध्ये तरी) पाय आपणच पुढे-मागे करायचा, पण तळव्याचा मधला खोलगट भाग त्याच्यावर दाबून धरला ना की खरंच बरं वाटतं, त्याला पूर्ण मार्क. आणि बुडबुडे! ज्याच्यासाठी लोक घेतात ते. आतली मोटर खोलीतली गार हवा ओढून पाण्यात सोडते, म्हणजे पाणी उलट लवकर निवतं, आणि बिचारा हीटर तेच पाणी गरम ठेवायला धडपडत असतो. बुडबुडे बंद करून बघा, फरक लगेच कळेल.

हीटरचं पण एक सांगते. घरगुती मशीनचा हीटर छोटा असतो, तो गरम पाणी गरम ठेवतो, गार पाणी तापवत बसला तर तुमचा मूड जाईल. त्यामुळे आधीच सोसेल इतकं गरम पाणी ओतायचं, साधारण ४० डिग्रीच्या आसपास, आणि पाय घालायच्या आधी हाताने बघायचं. मग १५-२० मिनिटं आरामात निघतात.

आता याने रिलॅक्स का वाटतं तर त्याला कारण आहे, नुसतं मनाचे खेळ नाहीत. पाय शेकले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, अंगातली उष्णता तळव्यांतून बाहेर पडते, शरीराचं आतलं तापमान जरा उतरतं आणि झोप यायला तेच लागतं. २०१९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात ४० ते ४२.५ डिग्रीचं पाणी, झोपायच्या एक-दोन तास आधी, अगदी १० मिनिटं घेतलं तरी झोप लवकर लागते असं निघालं. म्हणजे अगदी झोपायच्या वेळी नाही, जेवणं आवरल्यावर लगेच बसायचं.

मग कोणी म्हणेल हे तर बादलीत पण होईल. होतंच! उलट बादलीत पाणी पोटरीपर्यंत येतं, मशीनमध्ये घोट्यापर्यंतच. वरून जाड टॉवेल टाकला की बादलीतलं पाणी पण बराच वेळ गरम राहतं, फक्त मधे गरम पाण्याची भर घालायची तर आधी पाय बाहेर काढा, नाहीतर भाजून घ्याल. पण माझं कसं होतं, बादली घेतली की पाणी गार झालं म्हणून उठायचं, उठलं की ओटा दिसतो, मग काय, संपला आराम. मशीनमध्ये पाय असले की मी जागची हलत नाही आणि घरात कोणी हाक मारली तर "पाय ओले आहेत" एवढंच सांगायचं. माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथे.

एप्सम सॉल्टबद्दल विचारू नका, सगळे विचारतात. ते म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्यातलं मॅग्नेशियम कातडीतून आत जाऊन थकवा घालवतं याला धड पुरावा नाही. बादलीत हवं तर घाला, मशीनमध्ये माहितीपत्रक वाचल्याशिवाय नको. तेल तर अजिबात नाही, भोकं बुजतात आणि टब असा बुळबुळीत होतो की घासून घासून हात दुखतात. साबण घालून बुडबुडे चालू केले तर फेस बाहेर येतो, लादी पुसायची तयारी ठेवा.

टाचांना भेगा असतील तर भिजवल्यावर वजरी हलक्या हाताने फिरवायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि लगेच क्रीम लावून मोजे. तासभर भिजत बसू नका, कातडी उलट कोरडी पडते. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचंच नाही, पायाची जाणीव कमी झालेली असली तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं. आमच्या सासूबाईंना म्हणूनच मी बसू देत नाही, त्या रुसल्या तरी चालेल.

आता दीड स्टार कुठे कापला ते. पाच-सहा लिटर पाणी म्हणजे पाच-सहा किलो, ते भरलेलं धूड उचलून बाथरूमपर्यंत न्यायचं आणि माझ्यावाल्याला धड मूठ नाही की पाणी सोडायची नळी नाही. अर्धं पाणी पॅसेजमध्ये. शिवाय रोलरच्या खाली मळ आणि केस अडकतात, हवेच्या भोकांत पाणी राहतं आणि दोन दिवस तसंच ठेवलं की वास. उपडं घालून पूर्ण वाळवायलाच लागतं. पाणी भरताना-ओतताना प्लग काढायचा हे वेगळं सांगायला नको.

दुकानात बघायला गेलात तर बुडबुड्यांचा डेमो सोडा, पाणी सोडायची नळी आहे का बघा, रोलर सुटे होतात का बघा, घरात ज्याचा पाय सगळ्यात मोठा त्याचा पाय आत घालून बघा. आणि वायर मोजा. माझी इतकी तोकडी आहे की सोफ्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे माझा सगळा स्पा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर चालतो.