ट्रायल अँटीव्हायरस काढायला फोन केला आणि ४२,९९९ रुपये गेले

माझी मुलगी कराडला इंजिनिअरिंगला आहे, साताऱ्याहून रोज एसटीने जाऊन येऊन करते. तिच्यासाठी गेल्या जुलैत नवीन लॅपटॉप घेतला. त्यात कंपनीनेच एक अँटीव्हायरस टाकून दिलेला होता, ३० दिवसांचा ट्रायल. महिना संपला तसे रोज लाल मेसेज यायला लागले, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आता रिन्यू करा. मला ते बघून धस्स व्हायचं. म्हणून बाजारातून दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस आणला, एक युजर एक वर्ष, बिल घेऊन, बॉक्समध्ये 'की', म्हणजे चालू करायचा कोड, असते तो. म्हणजे फुकटचं क्रॅक वगैरे काही नाही, सगळं रीतसर.

घरी येऊन टाकायला घेतला तर अर्ध्यावर मेसेज आला की आधीचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर सापडलंय, ते काढा मग पुढे जा. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल दाबलं तर ते तसंच फिरत राहिलं, पुढे सरकेना. तेव्हा मी एक गोष्ट केली जी करायला नको होती. गूगलवर त्या जुन्या अँटीव्हायरसचं नाव टाकून पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर आला त्यावर फोन लावला. त्याच्या वर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं होतं, म्हणजे ती कुणीही पैसे भरून दिलेली जाहिरात, हे मला नंतर मुलीने दाखवलं.

फोन उचलणारा माणूस इतका नम्र बोलत होता की काय सांगू. हिंदीत, प्रत्येक वाक्याला मॅडम जी. त्याने एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं अ‍ॅप, टाकायला लावलं, त्यात दिसणारा नंबर विचारला, परवानगीचं बटण दाबायला सांगितलं आणि माऊस आपोआप हलायला लागला. आणि इथे खरी गोम आहे, नीट वाचा. त्याने माझं काम खरोखर करून दिलं. जुना ट्रायल काढला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, माझा नवीन अँटीव्हायरस टाकला, की मी वाचून दाखवली, हिरवी खूण आली. वीस मिनिटं लागली असतील. मी त्याचे मनापासून आभार मानले. काम झालेलं डोळ्यांनी बघितल्यावर माणसावर संशय तरी कसा घेणार? सगळे म्हणतात की तुला कळलं कसं नाही, तर कळलं नाही ते यामुळेच.

मग म्हणाला, मॅडम जी एक मिनट, ये देखिए. एक खिडकी उघडली, त्यात लाल खुणांची भली मोठी यादी, एरर एरर एरर. मग काळ्या स्क्रीनवर काहीतरी टाइप केलं, त्यात 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असा रकाना आला, म्हणे परदेशातले लोक तुमच्या लॅपटॉपमध्ये शिरलेत, मुलीचं आधार आणि मार्कशीट यातच असेल ना. पहिली खिडकी म्हणजे विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर, कॉम्प्युटरच्या बारीकसारीक नोंदींची यादी, आणि दुसरं नेटस्टॅट नावाची साधी कमांड, चालू असलेली इंटरनेट जोडणी दाखवणारी. माझ्या भाच्याने नंतर त्याच्या ऑफिसच्या चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपवर हेच दोन्ही उघडून दाखवलं, तिथेही लाल एरर होते आणि फॉरेन अ‍ॅड्रेसही होता. ते प्रत्येक विंडोजमध्ये असतं, फॉरेन म्हणजे फक्त समोरच्या कॉम्प्युटरचा पत्ता. पण त्या क्षणी मला घाम फुटला होता, ह्यांचा फोन लागत नव्हता, ड्युटीवर होते, आणि तो सारखा म्हणत होता की फोन ठेवला तर डेटा जाईल.

यावर उपाय म्हणून त्याने फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारं संरक्षण, घ्यायला सांगितलं, तीन वर्षांचे ४,९९९ मी यूपीआयने भरले. त्यावर थांबला असता तरी ठीक. मग म्हणाला बिल बनवायला नेट बँकिंगला लॉगिन करा, आणि स्क्रीन काळी झाली, म्हणे स्कॅनिंग चालू आहे, हात लावू नका. फोनवर कोड येईल तो लायसन्सचा आहे, सांगा. मी दोन वेळा कोड सांगितला. मेसेजमध्ये १९,००० असं लिहिलेलं होतं पण तो इतकी घाई करत होता की मी फक्त आकडे वाचले. ते मुलीच्या फीच्या दुसऱ्या हप्त्याचे पैसे होते.

मुलगी कॉलेजमधून आली, काळी स्क्रीन बघितली आणि एक शब्द न बोलता आधी वायफायचा राउटर बंद केला. मग तिनेच १९३० ला फोन लावला, सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन नंबर आहे तो, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. बँकेला कळवून नेट बँकिंग बंद केलं. एवढं पटकन केलं म्हणून एक १९,००० पुढच्या खात्यात होल्ड झाले, ते परत मिळायला अर्ज केलाय. बाकीचे पुढे गेले. हे लोक पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवतात, त्यामुळे लाजेने अर्धा तास सुद्धा घालवू नका. बँकेत सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ओटीपी तुम्ही दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कबद्दल तर २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, आमच्यापर्यंत ते कधी आलंच नाही.

समोरच्याने एनीडेस्कला स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला असेल तर तो पुन्हा कधीही आत येऊ शकतो, म्हणून भाच्याने अख्खा लॅपटॉप रिसेट केला. आणि बघा, रिसेट झाल्यावर तोच ट्रायल परत हजर! कंपनीने आधीपासून टाकलेली अ‍ॅप्स परत येऊ शकतात म्हणे. या वेळी मी म्हणलं, मीच काढणार. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात ट्रायलचं नाव, अनइन्स्टॉल, परत अडकलं. मग भाच्याने सांगितलं की असं उरलंसुरलं साफ करायला बऱ्याच अँटीव्हायरस कंपन्यांचं स्वतःचं फुकट टूल असतं, मॅकॅफीचं एमसीपीआर आहे, नॉर्टनचंही आहे, फक्त ते कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं. ते चालवलं, मग रीस्टार्ट केलं, शटडाउन नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही. मधल्या वेळात विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू झाला, म्हणजे लॅपटॉप उघडा पडेल ही भीतीही खोटीच होती. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाइल तपासायला जातात आणि एकमेकांना अडवतात, म्हणून पहिला काढायला सांगतात, एवढाच तो प्रकार.

नवीन टाकताना की घेईना, आधीच वापरलेली दाखवत होती. माझे हात परत थंड पडले. तेव्हा मुलीने कपाटातून बॉक्स काढला, मागे कंपनीचा नंबर छापलेला होता, पहिल्या दिवसापासून तिथेच होता. त्या नंबरवर फोन केला, त्यांनी की आणि बिलाची तारीख विचारली, लॅपटॉपला हात न लावता त्यांच्या बाजूने अ‍ॅक्टिव्हेशन मोकळं करून दिलं. एक रुपया मागितला नाही.