ग्रँड केमनची पाकटं: जहाजाची टूर घ्यावी की बाहेरची बोट?

बडोद्यात आमच्या ओळखीतले दोन-तीन जण तरी दरवर्षी मुलांकडे अमेरिकेला जातात. तिथे पोचले की मुलं त्यांना फ्लोरिडाहून एखाद्या क्रूझवर पाठवतात, आणि वाटेत कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटाचा थांबा असतो. मग माझा फोन वाजतो. "काका, ते माशांबरोबर पाण्यात उतरायचं तुम्ही केलंय ना? जहाजावरच बुक करू की बाहेरून?" मी दोन्ही केलंय. डिसेंबर 2018 मध्ये जहाजाने विकलेली टूर घेतली होती, मे 2024 मध्ये बाहेरची, म्हणजे तिथल्याच एका नावाड्याची, छोटी बोट. पुन्हापुन्हा फोनवर सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकतो.

मासे म्हणजे स्टिंगरे, चपट्या अंगाचे आणि लांब शेपटीचे. आमच्या हिचं माहेर अलिबागचं. तिने पाण्यात पाहिलं आणि ओरडली, "अहो, ही तर पाकटं!" तिने तोवर पाकट पाहिलं होतं ते बाजारात सुकवलेलं. इथे परातीएवढी आणि परातीपेक्षा मोठी पाकटं पायात घोटाळत होती. मोठ्या असतात त्या माद्या, नर त्या मानाने लहानखुरे.

ती तिथे का जमतात हे ठाऊक असेल तर मजा वाढते. बेटाच्या उत्तरेला नॉर्थ साउंड नावाची उथळ खाडी आहे, आणि तिच्या तोंडाशी प्रवाळाचा बांध आहे. मासेमारी करून परतणारे कोळी त्या बांधाच्या आत, शांत पाण्यात मासे साफ करायचे आणि घाण तिथेच टाकायचे. पाकटं त्याला सोकावली. 1980 च्या दशकात पाणबुडे त्यांना हाताने खाऊ घालायला लागले, आणि मग पर्यटकांच्या बोटी आल्या. मुळात हा एकेकटा, रात्री हिंडणारा मासा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की खाऊ मिळणारी ही पाकटं दिवसा जागी राहायला आणि घोळक्याने वावरायला लागली आहेत. हे वाचून थोडं अवघडल्यासारखं होतं. तरी दोनदा गेलो, हेही खरं.

भीतीचं काय, हा दुसरा प्रश्न. 2006 साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवरचा तो मगरी पकडणारा स्टीव्ह आयर्विन पाकटाच्या काट्याने गेला, ते सगळ्यांच्या डोक्यात असतं. ती जात वेगळी होती. इथली पाकटं माणसाला सरावलेली आहेत, पण शेपटीला काटा यांच्याही असतोच. वाळूत पाय उचलून टाकायचा नाही, घासत घासत पुढे सरकवायचा, म्हणजे खाली दबून बसलेलं पाकट आधीच सटकतं. खाऊ देताना अंगठा मुठीत आत ठेवायचा, कारण त्याचं तोंड पोटाकडे असतं, त्याला खाऊ दिसत नाही, ते नुसतं ओढून घेतं. पाकट पाण्याबाहेर उचलायला तिथे कायद्याने बंदी आहे. एवढं पाळलं की झालं. आम्ही बडोद्याच्या विश्वामित्री नदीकाठचे लोक, पुरात मगर सोसायटीच्या गेटाशी आलेली पाहिलेले. आम्हाला पाकटाचं काय!

तर आता तुलना. मुद्दा असा की दोन्ही बोटी जातात एकाच वाळूच्या पट्ट्यावर. पाणी तेच, कंबर-छातीइतकं. पाकटंही तीच. पुढे प्रवाळाच्या बागेत स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पालथं तरंगत खाली बघायचं, तेही दोन्हींत. फरक सगळा जाण्यायेण्यात आणि उतरण्याचढण्यात.

जहाजाची टूर सोयीची आहे, यात वाद नाही. केमनला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. समुद्रात नांगर टाकतात आणि लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात, त्यांना टेंडर म्हणतात. क्रूझसाठी धक्का बांधायचा का यावर एप्रिल 2025 मध्ये तिथे सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हटलं, त्यामुळे टेंडर काही एवढ्यात जात नाहीत. जहाजाची टूर घेतलेल्यांना टेंडरमध्ये आधी बसवतात. थिएटरमध्ये जमा व्हा, छातीवर स्टिकर लावा, पाटीमागे चाला. शाळेच्या सहलीला गेल्यासारखं वाटतं, पण हरवायची धास्ती नाही. हवा बिघडून जहाज थांबलंच नाही तर पैसे आपोआप परत. आणि मुख्य म्हणजे, टूर रेंगाळली तरी जहाज तुमच्यासाठी थांबतं. झोप शांत लागायला हे पुरेसं आहे.

मग माझं बिनसलं कुठे? शिडीवर.

कॅटामरान म्हणतात तसली ती रुंद बोट होती, माणसं साठाच्या आसपास, आणि पाण्यात उतरायला मागच्या बाजूला शिडी एक. पट्ट्यावर पाऊण तास मिळणार असं जाहीर झालं आणि सगळे एकदम उठले. रेशनच्या दुकानापुढे लागते तशी रांग. पुढचा माणूस शिडीवर पाठमोरा उभा राहून पाण्याला पाय लावून पाहतोय, वर घेतोय, पुन्हा लावतोय, त्याची बायको फोटो काढतेय. आमचा नंबर लागला तेव्हा पहिले उतरलेले पाकटांशी खेळून कंटाळले होते. आम्ही वाळूत धड उभे राहतो न राहतो तोच शिट्टी, चला परत. आता रांग पाण्यात.

उतरणं परवडलं, चढणं नको. सगळ्यात खालची पायरी पाण्याच्या पातळीला होती. बोट लाटेबरोबर वर गेली की पायरीही बाहेर यायची, म्हणजे चढायला पाय कंबरेइतका उचलायचा, तोही ओल्या कपड्यांत, निसरड्या लोखंडावर. हिचा उजवा गुडघा तेव्हापासूनच कुरकुरायचा. दोनदा पाय घसरला. तिसऱ्यांदा खालून मी रेटलं, वरून एका धिप्पाड गड्याने दंडाला धरून ओढलं, आणि पोतं चढवावं तशी ती बोटीत आली. मागे रांगेत पंचवीस माणसं बघताहेत. कुणी काही बोललं नाही, उलट एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, ते तिला जास्त लागलं.

पुढच्या थांब्यावर, प्रवाळाच्या बागेत, ती उतरलीच नाही. "तुम्ही जा," म्हणाली. मी गेलो. मिशीमुळे मास्कमध्ये पाणी शिरत होतं (नाकाखाली व्हॅसलिन लावतात, हे मला नंतर कळलं), तरी जे दिसलं ते झकास होतं. पंख्यासारखे डुलणारे जांभळे प्रवाळ, निळे-पिवळे थवे. पण मान वर केली की बोटीच्या कडेवरून सोडलेले तिचे दोन पाय दिसायचे. त्या दिवशी परत येताना मी ठरवलं की पुन्हा योग आला तर आधी शिडी बघायची.

योग आला साडेपाच वर्षांनी. या वेळी बाहेरची बोट, बारा-चौदा माणसं. पैसे जहाजाच्या टूरपेक्षा बरेच कमी पडले. मात्र भाव कुठल्या डॉलरमध्ये सांगतायत ते आधी विचारा. केमनचा स्वतःचा डॉलर आहे आणि तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग, सरकारी दराने एकाला 1.20. आकडा स्वस्त वाटतो आणि हिशेब करताना अंगावर येतो.

टेंडरचा नंबर आपला आपण काढायचा, म्हणून न्याहारी सोडून सकाळी लवकर रांगेत उभं राहायचं. आम्ही बडोद्याहून नेलेल्या लिल्या चिवड्यावर भागवलं. धक्क्यावर उतरल्यावर पाट्या धरून उभ्या असलेल्या पंधरा माणसांतून आपला शोधायचा. मग व्हॅनने पलीकडच्या किनाऱ्यावर. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात, ब्रिटिशांचं बेट आहे ना. एवढ्यावरूनही हिला घरच्यासारखं वाटलं.

शिडी इथेही एकच होती. पण माणसं मूठभर, आणि शिडीच्या दोन पायऱ्या पाण्याच्या खाली. पाय जिन्यावर ठेवावा तसा ठेवायचा आणि वर यायचं. रांग कसली, दोन माणसं पुढे. नावाडी पाण्यात उभा, एका हाताने शिडी धरून. हिने तीन वेळा चढ-उतार केला, त्यातला एक निव्वळ हौसेने, चष्मा ठेवून यायला. पाकटाला हात लावून पाहिला. पाठ बुळबुळीत, पोट मात्र ओल्या मखमलीसारखं. मग प्रवाळाच्या बागेत लाइफ जॅकेट घालून पालथी तरंगली. बऱ्याच वेळाने डोकं वर काढून मला विचारलं, "हे सगळं तेव्हाही होतं?" होतं, म्हटलं.

या बोटीची कटकट म्हणजे घड्याळ. बाहेरच्या बोटीला उशीर झाला तर जहाज तुमची वाट बघत नाही. त्यात केमन वर्षभर घड्याळ बदलत नाही. मार्च ते नोव्हेंबर फ्लोरिडाचं घड्याळ एक तास पुढे असतं, आणि बरीच जहाजं तेच पाळतात. आम्ही मे महिन्यात होतो. किनाऱ्यावर फोनला नेटवर्क लागलं आणि फोन गुपचूप एक तास मागे गेला. मी निवांत, अजून दोनच तर वाजताहेत! हिच्या मनगटावर जुनं काट्याचं घड्याळ होतं, म्हणून निभावलं. शेवटच्या टेंडरला चांगला अर्धा तास शिल्लक होता, पण व्हॅनमध्ये माझ्या छातीत जे धडधडत होतं ते पाकटांपुढेही धडधडलं नव्हतं. तेव्हा साधं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून न्या. बोट सकाळचीच घ्या, दुपारची नको. आणि जहाज आलंच नाही तर पैसे परत देणार का, हे लेखी घ्या.

ज्यांना घड्याळाची काळजी जिवाला लागते, किंवा ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत आणि आयुष्यात पहिलीच क्रूझ आहे, त्यांनी जहाजाची टूर घ्यावी. मी नावं ठेवणार नाही. माझे साडू तशीच करून आले आणि खूष आहेत, पण त्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि ते लालबागच्या तलावावर अजून रोज पोहतात. प्रत्येक जहाजाची बोट आमच्यासारखीच असेल असंही नाही. तरीसुद्धा दोघांनीच जायचं असेल, वय साठीकडे झुकलेलं असेल, तर माझं मत बाहेरच्या बोटीकडे जातं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कॅटामरानवर आम्ही पाकटं पाहिली आणि रांग लक्षात राहिली.

सामानात फार काही लागत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहायचा ड्रेस, घट्ट बसणारा टी-शर्ट. सनस्क्रीन पाकटांना हात लावायच्या आधी फासू नका, बाहीच पुरते. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र केबिनच्या तिजोरीत. चष्म्याचा नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क मिळतो का ते विचारा, नाहीतर खालचं सगळं धूसर.

आणि एक प्रश्न बुक करण्याआधी विचाराच. मागच्या महिन्यात कारेलीबागच्या वहिनींसाठी मी तिथल्या एका नावाड्याला मेल केला. किंमत, वेळ, माणसं किती, हे नेहमीचं विचारून झाल्यावर शेवटी लिहिलं, शिडीला पायऱ्या किती आणि पाण्याखाली किती? त्याला वाटलं असेल म्हातारा चक्रम आहे. पण दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पाच पायऱ्या, खालच्या दोन पाण्यात. वहिनींनी त्याच संध्याकाळी पैसे भरले.