दारूची भट्टी छोटी, भांडवल बेताचं: गूळ घ्यावा की काजूची बोंडं?

अबकारी खात्याचा परवाना हातात पडेपर्यंत भट्टी पेटवायची नाही, हे आधी. त्यानंतरचा खरा प्रश्न कच्च्या मालाचा. बेळगावकडे दोन्ही जवळच आहेत: खानापूर-जांबोटी पट्ट्यातली काजूची बोंडं आणि आपला उसाचा गूळ.

बोंडं स्वस्त, वासाला अप्रतिम. पण हंगाम मार्च ते मे, आणि झाडाखाली पडलेलं बोंड दुसऱ्या दिवशीच काळवंडून आंबूस वास मारायला लागतं. रसात साखर जेमतेम १०-१२ टक्के, म्हणजे १०० किलो बोंडांतून शुद्ध अल्कोहोल चारेक लिटर. उरलेले नऊ महिने तांब्याचं भांडं रिकामं आणि कर्जाचा हप्ता चालूच. शिवाय 'फेणी' म्हणून विकता येणार नाही. २००९ पासून ते नाव भौगोलिक मानांकनाने गोव्याचं आहे.

गुळाला किलोमागे जास्त पैसे पडतात, पण १०० किलोत ४० लिटरच्या वर उतारा मिळतो, आणि तोही वर्षभर. निवडताना रंगाला भुलू नका. पिवळाधमक गूळ बहुतेक वेळा हायड्रॉस (गंधकयुक्त रासायनिक पावडर) घालून उजळवलेला असतो. त्यातल्या गंधकाचा वास दारूत उतरतो. तांबूस-काळपट ढेप घ्या, खडा फोडून जिभेवर ठेवा, खारट लागला तर सोडून द्या.

मी गुळावरच सुरुवात करेन. एप्रिलमध्ये मात्र बोंडांचा एक घाणा काढायचाच: सकाळी वेचलेली, त्याच दुपारी पिळलेली. तो वास गुळाला येत नाही.