ओलं, सुकं की कच्चं? इंदुरात नऊ महिने मांजरांना घालून पाहिल्यानंतर

निकाल आधी सांगून टाकतो. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला रोज एक ओलं पाऊच, त्यात वरून कोमट पाणी, आणि सोबत मोजलेले ४० ग्रॅम सुके दाणे. शेवटी हीच जोडी टिकली. नुसतं सुकं स्वस्त पडतं, पण लघवीच्या दृष्टीने, विशेषतः बोक्यांसाठी, जोखमीचं आहे. नुसतं ओलं उत्तम, पण खिशाला झेपत नाही आणि मे महिन्यात सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो. कच्चं मांस तीन आठवड्यांत बंद केलं, ते कायमचंच. इंदुरात ओला-सुका म्हटलं की सगळ्यांना आधी सकाळची कचरागाडी आठवते, त्यामुळे हे वाक्य फोनवर बोलताना जरा खुलासा करावा लागतो, एवढंच.

काळ नोव्हेंबर २०२४ ते जुलै २०२५. म्हणजे कडाक्याची थंडी, चाळिशी ओलांडणारा उन्हाळा आणि पावसाळ्याची सुरुवात असे तिन्ही ऋतू आले. एक बोका, एक भाटी. दर रविवारी वजन, रोज लिटरच्या, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीच्या वाळूच्या, ट्रेमधल्या लघवीच्या गोळ्यांची मोजणी, आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. हा काटा नसेल तर कुठल्याही खाण्याची तुलना करण्यात अर्थ नाही. सुक्या दाण्यांच्या मापाने एकाच हाताने एकदा ३५ ग्रॅम भरतात, एकदा ४२. सात ग्रॅम म्हणजे साधारण २६ कॅलरी, आणि चार किलोच्या घरबशा मांजराची दिवसाची गरजच २०० ते २४० कॅलरींची. रोज अशी चूक झाली तर पोट लोंबायला वर्ष लागत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले, त्यामुळे तहान लागण्याआधीच पाणी पिऊन ठेवायची सवय त्यांना नाही. शिकारीच्या अंगातलं पाणी पुरायचं. चार किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातलं धरून. सुक्या दाण्यांत ओलावा ८ ते १० टक्के. ६० ग्रॅम दाण्यांतून सहा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम चमचाभर पाणी मिळालं. ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये ओलावा ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एकातून ६४ मिलिलिटर. पाऊच दोन वेळांत अर्धं-अर्धं द्यायचं आणि प्रत्येक वेळी त्यात १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे कोमट पाणी कालवायचं. एका पाऊचमधून जवळपास ९५ मिलिलिटर पोटात जातं. दुसरं पाऊच न फोडता त्यातलं निम्मं काम पाण्याने भागवायची ही सगळ्यात स्वस्त युक्ती.

फरक ट्रेमध्ये दिसतो. नुसत्या सुक्यावर बोक्याचे दिवसाला दोन गोळे निघत, लिंबाएवढे, गडद, आणि झाकण उघडताच डोळ्यांत चुरचुरणारा वास. जोडी सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यापासून तीन ते चार गोळे, मोसंबीच्या आकाराचे, वास बेताचा. लिटर जास्त लागलं, महिन्याला एक पिशवी वाढली, हा खर्चही हिशेबात धरा. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. घट्ट लघवीत खडे किंवा चिकट बुच तयार होऊन ती तुंबते. बोका ट्रेमध्ये बसून जोर करतोय, थेंबही नाही, मध्येच ओरडतोय, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल देत बसू नका. त्याच तासाला डॉक्टरकडे न्या. एक-दोन दिवसांत जीव जातो. ओलं खाणं दिलं म्हणजे हे कधी होणारच नाही असं नाही, पण पातळ लघवी हा त्यातला आपल्या हातातला भाग आहे.

पैशांचं म्हणाल तर पाऊच साधारण ५० रुपये आणि चांगले दाणे किलोला ४०० धरून नुसतं सुकं दिवसाला २४ रुपये, नुसतं ओलं तीन ते साडेतीन पाऊच म्हणजे १५० ते १७५, आणि वरची जोडी ६६. एका मांजराचे. दोन असतील तर दुप्पट, आणि मग घरात चर्चा होते.

पाकिटाची मागची बाजू वाचायला शिकलं की निम्मे प्रश्न सुटतात. ओल्या पाऊचवर प्रथिनं ८ टक्के आणि दाण्यांवर ३० टक्के पाहून लोक दाणे घेतात. पाणी वजा करा. ओलावा ८२ असेल तर उरलेल्या १८ मध्ये ८, म्हणजे ४४ टक्के. दाण्यांत ९० मध्ये ३०, म्हणजे ३३. तुलना अशी करायची. दुसरं, ते खाणं पूर्ण आहार आहे की पूरक, हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. चाटायच्या क्रीमच्या नळ्या आणि नुसत्या रश्श्यातले माशाचे तुकडे बहुतेक पूरक असतात. दिसायला पाऊचच, पण त्यावर मांजर पोसता येत नाही. पूर्ण आहारात टॉरिन हे अमिनो आम्ल हवंच. ते मांजराच्या शरीरात पुरेसं बनत नाही, कमी पडलं तर हृदयाचा स्नायू ढिला पडतो आणि नजर जाते. हृदयाचा हा संबंध १९८७ साली उघड झाला आणि त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. अमेरिकी मानकात कोरड्या वजनावर सुक्यात ०.१ टक्का, डब्यातल्या ओल्यात ०.२ टक्का किमान टॉरिन लागतं. पाकिटावर यातलं काहीच नसेल, तर चित्रातलं मांजर कितीही गोंडस असो, ते परत ठेवा.

ओल्या खाण्याची पहिली तक्रार सगळीकडे एकच: रस्सा चाटून जातं आणि तुकडे तसेच कोरडे पडतात. मांजर लाडावलंय असं नाही, तुकडे मोठे असतात आणि गार. पाऊच न उघडता गरम पाण्याच्या वाटीत दोन मिनिटं ठेवायचं, मग ताटलीत काढून काट्याच्या चमच्याने पार खिमा होईपर्यंत दाबायचं आणि वरचं पाणी त्यातच कालवायचं. अंगाच्या उबेइतकं, ३७-३८ अंशांचं खाणं वासावरून त्यांना ताजी शिकार वाटतं. फ्रीजमधून काढून थेट पुढे केलं तर नाक मुरडणारच. ताटली पसरट हवी. खोल वाटीत मिशा घासतात आणि तळाशी उरतं.

उन्हाळ्यात वेळ पाळावी लागते. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासात ताटली उचलायची, थंडीत दोन तासांपर्यंत चालतं. उरलेलं अर्धं पाऊच झाकणाच्या काचेच्या वाटीत काढून फ्रीजमध्ये, २४ तासांच्या आत संपवायचं, पाऊचचं तोंड दुमडून क्लिप लावून नाही. मुंग्यांसाठी जुनाच उपाय: पाण्याच्या परातीत ताटली. पाऊसकाळी माश्यांसाठी मात्र उपाय सापडला नाही, ताटली लवकर उचलणं हाच. रिकामी पाऊचं विसळून प्लास्टिकच्या कप्प्यात टाका, नाहीतर गाडी येईपर्यंत गॅलरीत वास राहतो.

सुक्या दाण्यांत चूक होते ती साठवणीत. सुटे दाणे पॉलिथिनमध्ये बांधून देणारी दुकानं आहेत, किलोमागे चांगले शंभरेक रुपये वाचतात. घेऊ नका. दाण्यांवर चरबीचा फवारा असतो, हवा लागली की ती खवट होते, आणि सुट्या मालाला ना तारीख ना बॅच. शिळ्या शेंगदाण्यासारखा वास येतो तो हाच. मोठी सात किलोची पिशवी एका मांजरासाठी महागच पडते, कारण उघडल्यापासून महिना-दीड महिन्यात संपवायला हवी आणि ४० ग्रॅमच्या हिशेबाने ती जवळपास सहा महिने पुरते. सव्वा किलोची घ्या, मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यात थेट ओतले तर जुन्या चरबीचा थर कडेला राहतो आणि नव्या मालाला तोच वास लागतो. फ्रीजमध्ये तर नकोच, बाहेर काढताना दव धरतं आणि जुलैत बुरशी येते. दाण्यांनी दात साफ होतात हा समजही सोडून द्या. साधा दाणा दाताला टेकताच फुटतो, बरेचसे तर न चावताच गिळले जातात. दातांसाठी खास बनवलेले मोठे, तंतूदार दाणे वेगळे मिळतात.

आता कच्चं. बाजूने बोलणाऱ्यांचं एक खरं आहे: शी कमी होते, घट्ट होते, वास जवळजवळ जातो. आणि मांजरं तुटून पडतात. पण नुसता बोनलेस खिमा म्हणजे आहार नव्हे. एक किलो मांसात फॉस्फरस दोन ग्रॅमच्या घरात आणि कॅल्शियम फार तर ०.१ ग्रॅम. पिल्लाला काही आठवडे हेच दिलं तर हाडं कागदासारखी होतात आणि ओट्यावरून उडी मारताना पाय मोडतो. अंड्याच्या टरफलाची पूड किलोला सुमारे सहा ग्रॅम घातली की कॅल्शियम जुळतं. पण टॉरिन, ई जीवनसत्त्व, थायमिन (बी१ जीवनसत्त्व), आयोडीन, झिंक प्रत्येकाचा हिशेब वेगळा, आणि कलेजी रोज फार झाली की कालांतराने अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके जखडतात. कच्च्या माशांच्या काही जातींत थायमिन नष्ट करणारं द्रव्य असतं, तेही रोजचं नको.

पोषण तरी काट्यावर जुळवता येईल. जंतू काट्यावर येत नाहीत. साल्मोनेला आणि लिस्टेरिया फ्रीझरमध्ये मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि ओटा, सुरी, मांजराची जीभ, तिथून घरातल्या आजीचा हात असा त्यांचा प्रवास होतो. घरात गरोदर बाई असेल तर टॉक्सोप्लाझ्मा हा गर्भाला इजा करणारा परजीवीही आहे. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, आणि पुढच्याच महिन्यात आपल्या मध्य प्रदेशातच, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, सापडला. त्याच सुमारास अमेरिकेत कच्च्या मांसाचं गोठवलेलं मांजरखाद्य याच विषाणूमुळे बाजारातून मागे घेतलं गेलं. इथे मेच्या दुपारी कोंबडी दुकानातून घरी येईपर्यंतच कोमट झालेली असते. तीच कोंबडी आतपर्यंत ७० अंशांवर शिजली की विषाणूचा प्रश्न मिटतो.

म्हणून कोंबडी द्यायचीच तर उकडून, मीठ-हळद-कांदा-लसूण काही न घालता, हाड काढून, आणि दिवसाला १५ ग्रॅमच्या आत. एवढ्यात कॅलरींचा दहावा हिस्सा होतो, बाकी आहार ढळत नाही. रस्स्यातला तुकडा धुऊन दिला तरी कांदा-लसूण आत मुरलेला असतो, आणि त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. दूध-पोळीबद्दल आपल्या घरांत बोलणं अवघडच. पिढ्यान्‌पिढ्या माजघरातली मांजरं त्यावर वाढली, असं काकू म्हणतात. ती त्यावर वाढली नाहीत, रात्री उंदरांवर वाढली. तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत.

बदल करायचा तर हळू. पहिले दोन-तीन दिवस जुन्यात चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, असे सात ते दहा दिवस. भूक लागली की खाईल म्हणून उपाशी ठेवायचं नाही. मांजराने, त्यातही जाड्या मांजराने, दीड-दोन दिवस अन्न सोडलं तर चरबी यकृतात साचते आणि ते प्रकरण महूच्या व्हेटरनरी कॉलेजपर्यंत जाऊ शकतं. लहानपणी फक्त दाणेच खाल्लेलं मांजर ओल्या खाण्याला खाणंच समजत नाही. त्याच्यासाठी ओल्याची वाटाणाभर गोळी दाण्यांशेजारी, वेगळ्या बशीत, फक्त वास घेण्यापुरती. नंतर ती बोटाने दाण्यांना पुसायची, मग दाण्यांचा चुरा ओल्यावर भुरभुरवायचा. भाटीने पाच दिवसांत पाऊच स्वीकारलं. बोक्याला एकोणीस दिवस लागले, आणि अजूनही वरून चार दाणे ठेवल्याशिवाय तो ताटलीला तोंड लावत नाही.